कोच ठेवायचा की बदलायचा?

साखळीत चांगला खेळलेला हॉकी संघ बाद फेरीत हरला तर कोच बदलावा का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. सीझन संपला की हा प्रश्न मला हमखास येतो. कधी एखाद्या क्लबच्या कमिटीतून फोन येतो, कधी पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियमच्या गेटवर एखादा पालक थांबवतो. "सर, साखळीत एकही मॅच हरलो नाही आणि बाद फेरीत पहिल्याच दिवशी घरी. आता कोच बदलायलाच हवा ना?"

मी उलट विचारतो, की कोचने वर्षभरात तुमच्याकडे काय काय मागितलं होतं? त्यातलं तुम्ही काय दिलंत? याचं उत्तर हाताशी नसेल तर कोचला काढायचं की ठेवायचं, यावर बोलायची वेळ अजून आलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत पक्कं झालं ते भारताच्या पुरुष हॉकी संघाचे कोच ग्रॅहम रीड पद सोडून गेले तेव्हा. जानेवारी 2023, भुवनेश्वर. घरचा वर्ल्ड कप आणि न्यूझीलंडविरुद्ध क्रॉसओव्हरचा, म्हणजे उपांत्यपूर्व फेरीत जाण्यासाठीचा सामना. आपण 2-0 पुढे होतो, मग 3-1 पुढे होतो, आणि सामना 3-3 वर सुटला. बरोबरी फोडायचं शूटआउट सडनडेथपर्यंत, म्हणजे एक चुकला की संपलं इथपर्यंत गेलं. त्यात गोलकीपर श्रीजेश जखमी होऊन बाहेर आला, दुसरा गोलकीपर पाठक गोलमध्ये उभा राहिला आणि आपण हरलो. उपांत्यपूर्व फेरीसुद्धा नाही. स्पर्धा संपल्यावर लगेच रीड यांनी राजीनामा दिला. याच माणसाच्या हाताखाली दीडच वर्षापूर्वी टोकियोत 41 वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं होतं.

त्या पराभवानंतर रीड म्हणाले होते, की या संघाला मानसिक तयारी करून घेणारा वेगळा माणूस हवा. पुढे कोच म्हणून क्रेग फुल्टन आले आणि त्याच वर्षी मानसिक तयारी करून घेणारे पॅडी अप्टन संघासोबत काम करू लागले. मग 2024 चं पॅरिस ऑलिंपिक. ग्रेट ब्रिटनविरुद्ध आपला बचावपटू रोहिदासला लाल कार्ड मिळालं, चाळीसहून जास्त मिनिटं आपले दहाच जण खेळले, 1-1 वर सामना रोखून धरला आणि शूटआउट 4-2 ने जिंकलं. पुढे स्पेनला हरवून ब्राँझ आणलं. फुल्टन मोठे कोच आहेत, बचावाची शिस्त त्यांनीच लावली, त्यात वादच नाही. पण रीड यांनी जे मागितलं ते त्यांच्या पदरात कधी पडलं नाही, पुढच्याला मिळालं. मला याची अजून हळहळ वाटते.

शूटआउटचा निकाल कोचच्या माथी मारणं मला पटतच नाही. चेंडू 23 मीटरच्या रेषेवर, आठ सेकंद, समोर एकटा गोलकीपर. कोच बाहेर बसलेला. त्याचं जे काही काम असतं ते आधीच्या महिन्यांत झालेलं असतं किंवा झालेलं नसतं. आणि होण्यासाठी मैदान लागतं, साहित्य लागतं.

आपल्याकडचंच सांगतो, क्लबचं नाव घेत नाही. पोरं वर्षभर मातीवर सराव करतात, स्पर्धा पॉलीग्रासवर, म्हणजे कृत्रिम गवतावर. मातीवर चेंडू उडतो म्हणून पोरगा स्टिक उभी धरून अडवायला शिकतो. पाणी मारलेल्या पॉलीग्रासवर तोच चेंडू सरपटत, दुप्पट वेगाने येतो. तिथे स्टिक आडवी, जमिनीलगत हवी. ही सवय दोन दिवसांत बदलत नाही. त्यांच्या कोचने सीझनच्या सुरुवातीला वहीच्या पानावर तीन गोष्टी लिहून सेक्रेटरींच्या हातात दिल्या होत्या: आठवड्यातून दोनदा पॉलीग्रासची वेळ, दुसऱ्या गोलकीपरला त्याच्या मापाचं किट आणि मॅचचं व्हिडिओ शूटिंग. "बघू" म्हणाले. सीझनभर बघणंच चाललं.

सेमीफायनलला मी टेक्निकल टेबलावर, म्हणजे सामना अधिकाऱ्यांच्या टेबलावर होतो. पहिल्या गोलकीपरच्या मांडीत गोळा आला आणि शूटआउटला दुसरा पोरगा उतरला. किकर, म्हणजे गोलकीपरच्या बुटांवरचे पॅड, त्याच्या पायाला इतके मोठे, की प्रत्येक प्रयत्नाआधी तो खाली वाकून पट्टा आवळत होता. पुढे यायला एक पाऊल उशीर, दर वेळी. हरले. आणि कोचला काढायची भाषा संध्याकाळीच सुरू झाली!

टोरांटोला असलेला माझा पुतण्याही हाच प्रश्न विचारतो, आइस हॉकीबद्दल. तिथल्या मेपल लीफ्स संघाने 2024 मध्ये बाद फेरीत, पहिल्याच फेरीत बॉस्टनकडून सात सामन्यांच्या मालिकेतला सातवा सामना हरल्यावर कोच शेल्डन कीफ यांना काढलं. पुढच्या वर्षी नव्या कोचबरोबर ते एक फेरी पुढे गेले आणि पुन्हा सातव्याच सामन्यात बाहेर. दोन्ही बाजूंच्या लोकांकडे आपापलं उदाहरण तयार असतं. त्याच लीगमधल्या टँपा बेने 2019 च्या साखळीत 82 पैकी 62 सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसकडून मालिकेत 4-0 मार खाल्ला. कोच जॉन कूपर यांना ठेवलं, 2020 आणि 2021 ला स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद आलं. उलट फ्लोरिडा 2022 ला साखळीत पहिली होती, त्याच टँपाकडून 4-0 हरली, चार सामन्यांत मिळून तिचे तीनच गोल. त्यांनी कोच बदलला. नव्या पॉल मॉरिस यांच्याबरोबर 2024 आणि 2025 चा कप त्यांचा.

मग यातून काय घ्यायचं? मी एवढंच घेतो, की दोघांनीही हार नीट वाचली. टँपाने अंगावर झेप घेणारे, राबणारे खेळाडू आणले, फ्लोरिडाने आक्रमक खेळाडू मॅथ्यू कचुकला आणलं. नुसता कोचवर निकाल देऊन कुणी थांबलं नाही.

काढा, असंही मी सांगतो, आणि ठामपणे सांगतो. मागितलेलं सगळं दिलं आणि तरी दुसऱ्या वर्षीही संघ त्याच प्रकारे हरला, तर काढा. बाकावरची पोरं वर्षभरात होती तिथेच राहिली असतील तर काढा, कारण पहिल्या अकरांत असतात ती बरीचशी स्वतःच्या बळावरही पुढे जातात. आणि पोरं कोचपासून दुखापत लपवायला लागली असतील तर पुढची मॅचही पाहू नका, ट्रॉफी कितीही असोत. भीतीपोटी सुजलेल्या घोट्यावर खेळलेला पोरगा मी पाहिला आहे. त्या कोचची बाजू मी कधीच घेणार नाही.

पण वेळ सांभाळा. 2004 ला अथेन्स ऑलिंपिक काही आठवड्यांवर असताना भारताचे कोच राजिंदर सिंग यांना हटवून जर्मनीचे गेरहार्ड राख आणले. संघ सातवा आला. आमच्या पुण्यातल्या खडकीच्या धनराज पिल्लेचं ते चौथं आणि शेवटचं ऑलिंपिक, म्हणून खडकीत ही गोष्ट आजही कळवळून सांगितली जाते. खेळाडूंना कोचची हाक ओळखीची व्हायलाच एक सीझन जातो. बदलायचंच असेल तर हरल्यानंतरच्या पंधरवड्यात बदला, समोर बसवून कारण सांगा, पोरांना व्हॉट्सअ‍ॅपवरून कळू देऊ नका.

त्या क्लबने मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, की कोच ठेवा आणि वहीचं ते पान शोधून काढा. किट आलं आहे. पॉलीग्रासची वेळ सध्या आठवड्यातून एकदाच मिळते, दुसऱ्या वेळेसाठी कमिटीने अर्ज केला आहे. वहीतलं सगळं मिळूनही पुढच्या सीझनला ते पुन्हा तसेच हरले तर मात्र कोचला जाब विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.