या, पण लांब बसा

"साहेब, मास्क राहू दे, गाडी सांभाळा!" बोटवाला ओरडला.

ओहोटी होती. मालाडजवळच्या मार्वेच्या धक्क्याची उतरण शेवाळाने हिरवी झाली होती आणि बोटीला लावलेली फळी ओली होती. त्या फळीवरून नवरा आमची अ‍ॅक्टिव्हा चढवत होता. एक हात ब्रेकवर आणि दुसरा नाकावरून घसरणाऱ्या मास्कवर. शेवटी दोन पोरांनी मागून रेटा दिला, गाडी आत गेली आणि मास्क खाडीत.

तारीख 27 डिसेंबर 2020, रविवार. मुंबईत 22 तारखेपासून रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी लागली होती. रात्री बाहेर पडायचं नाही म्हणजे दिवसा पडायला हरकत नाही, असा सोयीचा अर्थ आम्ही काढला होता. नऊ महिने गोरेगावच्या दोन खोल्यांत दोन लॅपटॉप आणि एकच डायनिंग टेबल. लोकलचं म्हणाल तर बाई म्हणून मला ठरावीक वेळात बसायची मुभा होती, नवऱ्याला नव्हती. म्हणून स्कूटर, म्हणून मनोरी. लांब कुठे जायची हिंमत नव्हती आणि मनोरी तर मुंबईतच. महापालिका तीच, मास्क नसेल तर दंडही तोच, 200 रुपये. मध्ये फक्त एक खाडी.

बोटीत तीन प्रकारची माणसं होती. सहा-सात मुलांचं टोळकं, त्यांच्याजवळ स्पीकर आणि कापडात गुंडाळलेला, आत काय आहे ते सगळ्यांना कळेल असा खोका. आमच्यासारखी दोन-चार जोडपी. आणि मालाडहून बाजार करून परतणाऱ्या गावच्या बायका. मी एकीच्या शेजारी बसले. तिने पदर नाकावर ओढला, टोपली उचलली आणि काही न बोलता बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

मला ते लागलं. पण हे मी ऑगस्टमध्ये एकदा भोगून झालं होतं.

आमचं गाव सावंतवाडीजवळ. 2020 चे गणपती 22 ऑगस्टला होते आणि सरकारचं फर्मान असं की चाकरमान्यांनी 12 तारखेपर्यंत पोचावं, दहा दिवस विलगीकरणात राहावं, मग घरात शिरावं. आम्ही ई-पास काढून, भाड्याच्या गाडीने, चेकनाक्यावर तीन तास काढून पोचलो. ग्राम कृती दलाने आम्हाला मराठी शाळेत ठेवलं, इयत्ता तिसरीच्या वर्गात. जेवणाचा डबा खिडकीत ठेवून चुलतकाका मागे सरकायचे. मी एकदा बोलायला म्हणून पायरीपर्यंत गेले तर म्हणाले, "थंयच ऱव गो, थंयच." ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली, त्याच्या डोळ्यांत मी तेव्हा मुंबई होते. बाकी काही नाही.

असो. बोट पलीकडे लागली.

मनोरीत उतरलं की आधी वास येतो, मग गाव. डिसेंबर म्हणजे बोंबील सुकवायचे दिवस. उघड्या जागेवर बांबूंच्या वलांड्या उभ्या आणि त्यावर हजारोंनी लटकलेले बोंबील. लांबून पांढरट, गुलाबी झालर वाटते. जवळ गेलं की गंमत कळते. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. ना दोरी, ना गाठ. वाऱ्याने हलतात पण सुटत नाहीत. एक बाई बोलता बोलता अशा जोड्या लावत होती, आणि तिची बोटं इतकी भराभर चालत होती की नक्की कुठे काय अडकलं ते मला तीनदा बघूनही नीट कळलं नाही.

त्या वलांडीतल्या एका आडव्या बांबूला गंजलेली तार गुंडाळलेली होती आणि तारेत फ्लेक्सचा तुकडा अडकलेला. त्यावर लाल अक्षरांत 'वेश बं' एवढंच उरलं होतं.

"हा नाक्यावरचा बांबू," मावशी नंतर म्हणाल्या. "एप्रिलमध्ये आडवा टाकला होता. आता बोंबलाला लागतो."

या मावशींचा नंबर मला ऑफिसातल्या मैत्रिणीने दिला होता. ती दरवर्षी पावसाळ्याआधी त्यांच्याकडून सुकट आणि बोंबील नेते. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं घर, पुढे अंगण, मागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या तीन खोल्या. दारात कागदी चांदणी आणि ओट्यावर नाताळचा देखावा अजून तसाच, गवत थोडं कोंबड्यांनी विस्कटलेलं. मी आधी "मॅडम" म्हटलं तर म्हणाल्या, "आंटी बोल, मावशी बोल. मॅडम पालिकेत असतात."

फोनवर त्यांनी जेवणाची ऑर्डर घेण्याआधी तीन प्रश्न विचारले होते. किती जण? कुठून? घरात कोनाला झाला होता का? आम्ही पोचलो तेव्हा अंगणाच्या टोकाला, बदामाच्या झाडाखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. मावशी ओट्यावर. मध्ये पंधरा-वीस पावलं आणि एक कुत्रं.

"या, या. पन तितंच बसा हां."

जेवण त्यांच्या मुलाने आणून मधल्या स्टुलावर ठेवलं आणि तो मागे सरला. मग आम्ही उठून घेतलं. पत्रावळीसारख्या कागदी ताटांत भात, बॉटल मसाल्याचं, म्हणजे ईस्ट इंडियनांच्या घरच्या मसाल्याचं, कोलंबीचं कालवण, रव्यात तळलेले ओले बोंबील आणि नाताळचे उरलेले फुगे. फुगे म्हणजे तळलेले, पोकळ, किंचित गोड पावाचे गोळे. कालवणात बुडवून खायचे. नवरा पाचवा फुगा उचलत असताना ओट्यावरून आवाज आला, "आवडला ना? मग तुजा मास्क कुटं हाय?" त्याने बोटीची गोष्ट सांगितली. मावशी हसल्या, आत गेल्या आणि घरी शिवलेला, निळ्या फुलांचा मास्क स्टुलावर ठेवून गेल्या. वीस रुपये. हिशेबात लावले.

जेवण झाल्यावर आम्ही तसेच बसून राहिलो, अंतरावरून, जरा मोठ्याने बोलत. शेजारपाजारच्यांनाही सगळं ऐकू जात असणार.

मार्चअखेर वरळी कोळीवाडा सील झाला तेव्हा इथे पहिला धसका बसला. इथल्या कोळ्यांचे सोयरे तिकडे, तिकडच्यांचे इथे. गावच्या पोरांनी नाक्यावर बांबू टाकला आणि पाळ्या लावल्या. बाहेरचा कोणी आत नाही. मावशींची मुलगी वसईला दिलेली, ती आईच्या गोळ्या घेऊन आली तर तिलाही बांबूपलीकडे उभं केलं. "मी बोलले सोडा, तर पोरं बोलली, मावशी, आज तुजी सोडली तर उद्या सगल्यांची येतील. खरंच होतं. पिशवी फेकली तिनं. मी झेलली."

मग जुलैमधली एक रात्र. शेजारच्या घरातल्या माणसाचा श्वास अडकायला लागला. बोट बंद झालेली. "समोर मार्वेचे दिवे दिसतात बघ. हात लांब केला तर लागतील. आनि जायचं कुटून? उत्तन, भाईंदर, दहिसर, मग बोरिवली." अँब्युलन्स त्या वाटेने यायची आणि त्याच वाटेने परत जायची. माणूस वाचला, बावीस दिवसांनी घरी आला. पण त्या रात्रीपासून गावाला ती खाडी वेगळी दिसायला लागली. आम्हाला ती गमतीची वाटते, स्कूटर बोटीत चढते म्हणून.

"मग आता आम्हाला कसं काय येऊ दिलंत?" मी विचारलं.

मावशींनी बोटांवर मोजायला घेतलं. मार्च गेला. मे गेला, आणि वर्षाचा निम्मा धंदा मे महिन्याचा. जून-जुलै तर दरवर्षी मासेमारीच बंद. मुलाची रिक्षा बोटीवर उतरणाऱ्यांच्या जिवावर चालते, ती सहा महिने दारात उभी. खोल्यांना दोन वर्षांपूर्वी संडास-बाथरूम बांधलं त्याचं कर्ज. पलीकडच्या वॉटर पार्कात भाचा कामाला, तो घरी. राहता राहिला 31 डिसेंबर. "तीन खोल्यांचं बुकिंग आलंय. घेतलं. घेतल्यापासून झोप नाय. गिऱ्हाईक खोकला तर मी पैसे मोजू का पळू?"

यावर मला बोलायला काही सुचलं नाही. नवऱ्याने विचारलं, "अजून फुगे आहेत का?" कधीकधी त्याचं बरं असतं.

दुपारी किनाऱ्यावर गेलो. समुद्र छान होता. त्याचं वर्णन करत बसत नाही, फोटोत असतो तसाच होता. बोटीतलं टोळकं एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर वाळूत पसरलं होतं, स्पीकर चालू, मास्क हनुवटीवर किंवा खिशात. गावातले एक वयस्कर गृहस्थ, बहुधा निवृत्त मास्तर असावेत असा आवाज, त्यांच्यासमोर उभे राहून ओरडत होते. पोरं हसत होती. गृहस्थ वळले आणि समोर आम्ही. "तुमचे फोटो काढून झाले ना? निघा मग!"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. आम्ही मास्क घातलेले, कचरा पिशवीत घेतलेला, जेवणाचे पैसे चोख दिलेले. मी तोंड उघडणार तेवढ्यात नवऱ्याने हात धरला. परत चालताना मनातल्या मनात मी त्यांना चांगलं सुनावत होते. वलांड्यांपाशी आल्यावर लक्षात आलं की ही सगळी वाक्यं मी आधी बोललेली आहेत, तिसरीच्या वर्गाच्या खिडकीतून, काकांना. आम्ही टेस्ट केली आहे, आम्ही सॅनिटायझर लावतो, आम्ही तसे नाही. काकांनी तरी काय वेगळं करायला हवं होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

परतीला जेटीपर्यंत मावशींचा मुलगा रिक्षा घेऊन उगाच बरोबर आला. त्याचं मत अगदी सरळ. "मॅडम, रोज या. म्हाताऱ्यांचं ऐकू नका. आई फोनवर घाबरते, पन पैसे आले की पहिली तीच मोजते."

त्यानंतर मावशींशी फोन चालू राहिला. 31 डिसेंबरचे पाहुणे आले, गेले, कोणी खोकलं नाही. एप्रिल 2021 मध्ये दुसरी लाट आली तेव्हा मी सुक्या बोंबलासाठी फोन केला तर त्यांनी एका शब्दात संपवलं, "नको." मे महिन्याच्या 17 तारखेला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या शेजारून गेलं आणि दोन दिवस त्यांचा फोन लागला नाही. मागच्या एका खोलीचे पत्रे गेले होते. बदाम टिकला.

पुन्हा गेलो ते थेट 12 डिसेंबर 2021 ला. या वेळी बोट खचाखच आणि माझ्या शेजारून कोणी उठून गेलं नाही. वलांडीतला तो तारेचा बांबू मी शोधला, सापडला नाही. खुर्च्या बदामाखालून उठून ओट्याच्या पायरीशी आल्या होत्या, पण बसण्याआधी मावशींनी विचारलं, "दोन्ही डोस झाले?" आणि मोबाइलवरचं सर्टिफिकेट उन्हात तिरपं धरून, चष्मा वर करून, तारखेसकट वाचलं. तिकीट तपासनीससुद्धा इतकं बघत नाही.

जेवताना विषय ओमिक्रॉनचा. आठच दिवसांपूर्वी डोंबिवलीत राज्यातला पहिला रुग्ण सापडला होता. 31 तारखेचं बुकिंग याही वर्षी आलं होतं, तिन्ही खोल्यांचं, बारा माणसं, अ‍ॅडव्हान्स घेतलेला. त्या पैशांतून नवे पत्रे बसले होते. ते डोक्यावर चकाकत होते.

"तूच सांग," मावशी म्हणाल्या. "ठेवू का सोडू?"

मी म्हटलं, माझं ऐकू नका, मी तर गिऱ्हाईक.

"म्हनून तर विचारते."

मी उत्तर दिलं नाही. भाताचा दुसरा वाढा घेतला.

पुढे मुंबई पोलिसांचा आदेश निघाला. 31 डिसेंबरपासून संध्याकाळी पाच ते पहाटे पाच चौपाट्या, मैदानं, समुद्रकिनारे बंद. त्याच रात्री मावशींचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप आला. मागे कोंबड्या आणि कुणाची तरी भांडी.

"बारा जनांचे पैसे परत केले. अर्धे दिले, अर्धे मार्चमध्ये देनार. बोंबील चांगला सुकलाय. पाहिजे तर लवकर सांग, आनि तू येऊ नको, पोराला जेटीवर पाठवते, तू मार्वेला उभी राहा."