महिरपीसकट फ्रेम: कालोच्या ‘पंख्या’चा अनुभव

आधी एकच सांगतो. फ्रेमवाल्याला माउंटच्या (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या) खिडकीचं माप कागदावर लिहून द्या. मी तीनदा तोंडी सांगितलं होतं.

चित्र सतराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकार झाक कालोचं, एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून काढलेला छाप. २५ जुलै १६१९ ला, सेंट जेम्सच्या सणाला, इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या आर्नो नदीवर विणकर आणि रंगारी यांची लुटुपुटूची लढाई रंगली, तिचं. दिवस ऐन उन्हाळ्याचे. छाप कापून हातपंख्यावर चिकटवायचा होता, म्हणून चित्राचं नाव ‘पंखा’ आणि आकारही पंख्याचाच. संग्रहालयाची मोफत फाइल, सुती कागद, पिगमेंट शाई: एवढं दोन दिवसांत झालं.

अडलं ते माउंटपाशी. माउंटची खिडकी चित्रावर चारी बाजूंनी ५ मिमी चढवायची, ही दुकानाची सवय. वर ऐकवलं, “बॉर्डर झाकली की चित्र उठून दिसतं.” अहो, इथे बॉर्डरीतच अर्धं चित्र आहे! आत नदी, नावा, काठावर मुंगीएवढी गर्दी. भोवतीच्या नक्षीदार महिरपीवर मात्र चांगली ठसठशीत माणसं बसलीत, आपल्यासारखीच तमाशा बघत. त्यांच्या मोठ्या आकारामुळेच नदी लांब वाटते. त्यांचे पाय कापले की नदी जवळ येते आणि उरतो नुसता नकाशा. पहिला माउंट तसाच कापून आला, परत केला. दुसऱ्यात खिडकी पंख्याच्या आकाराची! मला साधी आयताकृती हवी होती, तीही परत.

शेवटी दिलेलं माप: महिरपीसकट चित्र साधारण ३० × २२ सेंमी, चहूबाजूंनी १ सेंमी कोरा कागद, म्हणून खिडकी ३२ × २४. कागद प्रत्येक बाजूला किमान २ सेंमी जास्त, म्हणजे ३६ × २८. छापतानाच तेवढा कोरा ठेवा. नंतर वाढवता येत नाही. आणि हो, ‘कागदभर बसवा’ हा पर्याय बंद करा, नाहीतर महिरप छपाईतच कापली जाते. ३० सेंमीला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) सुमारे ३,५५० पिक्सेल लागतात. कमी असले की पाण्याच्या बारीक रेघा चिकटून राखाडी होतात.

डबल टेप, फेविकॉल नको. चारी बाजू जखडल्या की पावसाळ्यात कागद फुगून लाटा धरतो. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने, खाली मोकळा. काच छापाला टेकू देऊ नका. फ्रेमची पट्टी साधी काळी, दीड सेंमी. सोनेरी कोरीव पट्टी आतल्या महिरपीशी भांडते.