माटोळी बांधायला तो आलाच नाही

गेल्या चवथीला आम्ही मूळ घरी होतो आणि माझा मुलगा माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळांची आरास, बांधायला माडीवरून खाली उतरलाच नाही. सात वर्षांचा असल्यापासून बाबांना कवंडळं, सुपारीचे घोस हातात देणारा मुलगा. मी वर गेले तर अंगावर खेकसला. सगळ्या भावकीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "दहावीत गेलास म्हणून एवढा माज?" ते आठवलं की अजून घास उतरत नाही.

उदास माणूस कोपऱ्यात बसून रडतो, एवढंच मला ठाऊक. या वयात उदासी पुष्कळदा चिडचिडीच्या रूपानं बाहेर येते, हे त्याला गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात नेलं तेव्हा, मानसोपचाराच्या ओपीडीत कळलं. डॉक्टरांनी विचारलं, दोन आठवड्यांहून जास्त दिवस असंच चाललंय का? झोप कशी आहे? फुटबॉल कधी सोडला? फुटबॉल पावसाच्या तोंडावरच सुटला होता. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, अभ्यास तरी करील म्हणून.

तिथं त्याला दहा विधानांचा एक कागद भरायला दिला. समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी 1965 साली मांडलेली, स्वतःबद्दल काय वाटतं ते पाहणारी ही विधानं. 'अभिमान वाटावा असं माझ्याजवळ फारसं काही नाही' यापुढे त्यानं 'पूर्ण सहमत'वर खूण केली. हे कुठून आलं ते मला कुणी सांगायला नको होतं. फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणाऱ्या चुलतभावाचं कौतुक मी रोज त्याच्या ताटासमोर करत होते.

मित्रांनी त्याला व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं, हेही तिथंच कळलं. घरी का बोलला नाहीस? "तू म्हणाली असतीस, तूच काहीतरी केलं असशील." खरंच, मी तेच म्हटलं असतं.

डॉक्टर म्हणाले, एकाच कारणावर बोट ठेवू नका. मित्र तुटले की मूल खचतं, आणि खचलेलं मूल उरलेल्या मित्रांनाही टाळतं.

समुपदेशन अजून चालू आहे. ताटावर मी मार्कांचं बोलत नाही. वाड्यावरचा एक जुना सवंगडी रविवारी येतो, दोघं भिंतीवर चेंडू मारतात, बोलतात थोडंच. तुमच्या घरात असं कुणी दार लावून बसलं असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर रात्रीही लागतो. मला तो फार उशिरा कळला.