पॅरिस अजून लांब आहे

मंगळवार, रात्री ११

गुडघा अजून ठणकतोय. सायकल चार दिवस भिंतीला टेकून उभी. बर्फाची पिशवी बांधून जुन्या शर्यतींचे व्हिडिओ चाळत बसलो आणि फिरून फिरून योप झूटेमेल्क या जुन्या डच सायकलपटूपाशीच आलो. आडनावाचा अर्थ गोड दूध! डच लोकांना मात्र तो नुसता 'योप'. लायडनजवळच्या एका खेड्यात वाढलेला, मूळचा सुतार.

टूर द फ्रान्सला, म्हणजे पॅरिसला संपणाऱ्या त्या लांबलचक सायकल शर्यतीला, १६ वेळा उतरला आणि १६ही वेळा पॅरिसला पोचला. १९७० ते १९८६ मध्ये चुकली ती फक्त १९७४ ची. त्या वर्षी दुसऱ्या एका शर्यतीत उभ्या गाडीवर आदळला, कवटीला तडा गेला, पुढे मेंदूज्वरही झाला. माझा गुडघा यापुढे काहीच नाही, हे मान्य. पण दुखतोय तो दुखतोयच.

टूरमध्ये सहा वेळा दुसरा आला. त्या काळचा अव्वल सायकलपटू मर्क्स, त्याच्या सावलीत राहून हा उन्हाने रापतच नाही, असा विनोद तेव्हा फिरायचा. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहतो, हल्ला करत नाही, ही तक्रार तर कायमचीच. १९७९ ला उत्तेजकात सापडला, १० मिनिटांचा दंड बसला. तरी दुसराच! तिसरा जवळजवळ २७ मिनिटं मागे होता. त्यामुळे त्याला साधुसंत करायच्या फंदात मी पडत नाही.

१९८० ला जिंकला, तेव्हाही लोक म्हणाले, त्याचा मोठा प्रतिस्पर्धी इनो, त्याचा गुडघा दुखावला म्हणून. (गुडघाच, बघा.) इनो पिवळ्या जर्सीत, म्हणजे शर्यतीत एकूण पहिला, असताना पो गावी रात्री शर्यत सोडून गेला. दुसऱ्या दिवशी पहिला नंबर योपचा, पण त्याने त्या दिवशी पिवळी जर्सी घातली नाही. मला हा प्रसंग त्याच्या विजयापेक्षा मोठा वाटतो. आपल्याकडे कुणी समोरून चालत आलेली खुर्ची एक दिवस तरी रिकामी ठेवली असती का, कोण जाणे.

डच लोकांनी मात्र त्याला कधी दुसरा मानलं नसावं. टूरमधला आल्प द्युएझचा घाट त्याने १९७६ आणि १९७९ ला जिंकला. त्या काळात तिथे इतके डच जिंकले की त्याला डच डोंगर म्हणायला लागले, समुद्रसपाटीच्या देशाचा डोंगर! 'पॅरिस अजून लांब आहे' हे वाक्यही त्याच्याच नावावर चालतं. आपण दिल्ली म्हणतो, ते पॅरिस म्हणतात.

शेवटी १९८५ ची जागतिक स्पर्धा लावली, इटलीतली. योपचं वय ३८. त्याचे प्रतिस्पर्धी लेमाँड आणि अर्जेंटिन एकमेकांवर नजर ठेवून होते, तेवढ्यात म्हातारा कडेने सटकला. कुणी हललंच नाही. लेमाँड दुसरा, अर्जेंटिन तिसरा.

तीनदा पाहिलं. बर्फाचं पाणी झालंय, चादर ओली.