तुम्ही विचारलंत म्हणून: किती जण ख्रिस्ती केलेत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं तुम्ही एकट्यांनीच विचारलेलं नाही. राजवाड्यावर भाजी घेताना, पोवई नाक्यावर रिक्षाची वाट बघताना, लग्नाच्या पंगतीत, कुणी ना कुणी हे काढतंच. "महिनाभर आफ्रिकेत मिशनला गेला होतात ना ताई? मग किती जण ख्रिस्ती केलेत?" काही जण तर सरळ "बाटवलेत" म्हणतात. मी रागावत नाही. साताऱ्यात जन्म गेलाय, शब्द अंगवळणी पडलेत.

एकही नाही. केनियात दहांतले आठाहून जास्त लोक आधीच ख्रिस्ती आहेत. मोंबासाच्या किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी, पण आम्ही पाच जण तिथल्या ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उतरलो होतो ती आमच्या इथल्या मंडळीच्या पाचपट तरी असेल, आणि रविवारची उपासना तीन तासांची. आमचे पाळकसाहेब दीड तासावर गेले तर इथं माणसं घड्याळाकडे बघतात.

मी नर्स. तीस वर्षं नोकरी केली, तेव्हा वाटलं होतं की दवाखान्यात हात लावीन. पण परदेशातल्या नर्सला तिथल्या नोंदणीशिवाय सुईला हात लावता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग उरलं काय? स्वयंपाकघर. पुण्याला जाऊन पीतज्वराची लस टोचून घेतली, पिवळं कार्ड जपून ठेवलं, इतका सगळा खटाटोप करून मी तिथं बटाटे सोलत बसले.

ज्या बाईंच्या हाताखाली होते त्यांना सगळे 'मामा' म्हणत. तिकडे मामा म्हणजे आई, हे पचायला मला दोन दिवस लागले. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्यापुढे एक लाकडी घडीचं स्टूल सरकवलं. पुढं जिभेसारखं लोखंडी पातं, त्याला दाते. मी बघितलं आणि हसूच आलं. खवणी! आपल्याकडे विळीच्या टोकाला असते तीच, फक्त त्यांची बसायला ऐसपैस. पदर खोचला, बसले, नारळाची वाटी दोन्ही हातांत धरून फिरवायला लागले. मामा कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. सहा नारळ झाल्यावर त्यांनी सगळ्या बायकांना हाक मारून मला दाखवलं. तिकडे त्या खवणीला 'म्बुझी' म्हणतात, म्हणजे शेळी. माझं इंग्रजी मोडकं, त्यांचं माझ्याहून मोडकं, पण शेळीवर बसल्यापासून आमचं जमलं.

शब्दही मग सापडत गेले. दुकानाला दुका, गाडीला गारी, साबणाला साबुनी, हिशोबाला हेसाबू. कांदा-टोमॅटोची कचुंबारी ताटात आली तेव्हा मी नाव विचारलंच नाही. शेकडो वर्षं गलबतं ये-जा करत होती, त्यांच्याबरोबर शब्दही चढले-उतरले.

फजितीही झाली. मामांनी एका आजारी म्हातारीकडे प्रार्थनेला बोलावलं, 'सा तातू'ला. मी मोजणी पाठ केली होती: मोजा, म्बिली, तातू. तातू म्हणजे तीन. दुपारी तीनला आम्ही नटूनथटून हजर. प्रार्थना सकाळी नऊलाच उरकलेली! स्वाहिलीत तास दिवस उजाडल्यापासून मोजतात, सातचा पहिला, नऊचा तिसरा. बायबलात पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र म्हणतो ना, ही माणसं प्यालेली नाहीत, अजून दिवसाचा तिसराच तास आहे. लहानपणापासून ऐकत आले, पण तिसरा तास म्हणजे काय ते त्या म्हातारीच्या दारात कळलं. तिनं आमच्यासाठी भात झाकून ठेवला होता. सहा तास.

एक गोष्ट मात्र सांगायला लाज वाटते. आम्ही इथून कपड्यांच्या दोन बॅगा भरून नेल्या होत्या, गरिबांना वाटायला. जवळच कोंगोवेआचा बाजार आहे, तिथं 'मितुंबा' म्हणजे जगभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग. आमच्यापेक्षा चांगले, आणि स्वस्त. मामांनी बॅगा बघितल्या, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका सुती साडीची फडकी भांडी पुसायला आली. माझीच साडी होती.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला फ्रिअरटाउनची घंटा दाखवली. १८७५च्या सुमाराला सुटका झालेल्या गुलामांसाठी मिशननं ही वस्ती वसवली. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की घंटा वाजवायची. आजही त्या भागाला केंगेलेनी म्हणतात, घंटेपाशी. आणि फ्रिअर कोण? सर बार्टल फ्रिअर. १८४८ साली आपले साताऱ्याचे छत्रपती शहाजी महाराज (आप्पासाहेब) वारले तेव्हा इथला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, होता तो. दत्तक मान्य करा, राज्य खालसा करू नका, असं त्याचं मत होतं. वर कुणी ऐकलं नाही. पुढं १८७३ साली झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांचा व्यापार थांबवायचा करार झाला, त्याच्या बोलणीला हाच गेला होता.

त्याहून मोठं पुढंच आहे. त्या वस्तीत सुरुवातीला शिकवायला, सुतारकाम-लोहारकाम करायला आले ते कुठून? नाशिकहून. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इंग्रजांनी मुंबईला उतरवली, त्यांतली कितीतरी नाशिकच्या शरणपूरच्या मिशन शाळेत वाढली. आज आपण ज्याला शरणपूर रोड म्हणतो तेच शरणपूर. आफ्रिकाभर फिरलेला मिशनरी लिव्हिंग्स्टन मेला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत याच शाळेचा जेकब वेनराइट होता. यांना केनियात 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत.

मी मामांना म्हटलं, "म्हणजे आमच्याकडून आधीच येऊन गेलेत." त्या म्हणाल्या, "हो. त्यांना सुतारकाम येत होतं. तुला नारळ येतो."

निघताना त्यांनी मला एक शेळी दिली. पातं असल्यामुळे सामानात टाकून आणली, मुंबईला कस्टमवाल्यानं दोनदा उलटीपालटी करून बघितली. आता ती माझ्या स्वयंपाकघरात असते. परवा शेजारच्या वहिनी आल्या, चहा घेताघेता त्यांनीही तेच विचारलं, किती जण केलेत म्हणून. गणपतीचे दिवस, त्यांच्या घरी मोदकांना नारळ हवाच होता. मी शेळी उघडून पुढं सरकवली, म्हटलं, बसा, खवता खवता सांगते.