पाहुण्यांची चादर

आज दुपारी दिवाणाची फळी उचलून चार वर्षे जपून ठेवलेली सोलापुरी चादर बाहेर काढली, तर तिच्या घड्यांवर पिवळ्या रेषा उमटलेल्या होत्या.

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "पिशवीत कोंडलीस ना, म्हणून," एवढेच त्या म्हणाल्या.

खरे तर मी चादर धुऊन, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर चार डांबरगोळ्या टाकून तोंड घट्ट बांधले होते. परंतु पावसाळ्यात सुती कापड हाताला कोरडे लागले तरी आत दमट राहते आणि प्लास्टिक तो ओलावा बाहेर जाऊ देत नाही, हे माझ्या ध्यानातच आले नाही. (डांबरगोळ्यांचा वास तर दोनदा धुऊनही गेलेला नाही.) सासूबाईंच्या ट्रंकेत मात्र प्रत्येक चादर जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेली असे, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला असे, आणि दरवर्षी घटस्थापनेपूर्वी सगळे अंथरूण-पांघरूण उन्हात टाकून पुन्हा ठेवताना घडी मुद्दाम वेगळ्या जागी घातली जाई.

तरीही मनाला लागले ते डाग नव्हेत. ही चादर पाहुण्यांसाठी राखली होती आणि चार वर्षांत आमच्याकडे मुक्कामाला कोणी आलेच नाही.

तुमच्या दिवाणात अशा किती चादरी आहेत?