दिनविशेषाची वही: पहाटेच्या नोंदी कुठे टाकायच्या?

कुठल्या तारखेला काय घडलं याची जी वही मी करतोय, तिचा जून ते डिसेंबर हा भाग आता बऱ्यापैकी उभा राहिलाय. तारीख, साल, घटना, एका ओळीची माहिती आणि शक्यतो दोन वेगवेगळे आधार, हा जुना साचा तसाच आहे. या खेपेला शीटमध्ये तीन रकाने वाढवले: मूळ कागदातली तिथी आणि वार, कालगणना कुठली, आणि घटनेची वेळ. वेळेचा रकाना केवळ हौस म्हणून घातला होता, पण सगळ्यात जास्त काम त्यानेच लावलं.

सुरुवात ६ जूनपासूनच करतो. १६७४ चा शिवराज्याभिषेक. फोनमधल्या बहुतेक कॅलेंडरांत ६ जून १६७४ काढून पाहा, बुधवार दिसेल. प्रत्यक्षात त्या दिवशी शनिवार होता. कारण आपण जी ६ जून म्हणतो ती जुन्या ज्युलियन गणनेतली; आजच्या ग्रेगोरियन गणनेने ती १६ जून होते. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता. वार मात्र कुठलीच गणना बदलत नाही, म्हणून जुनी नोंद तपासताना मी आधी वार धरतो आणि मग तारखेकडे वळतो.

आता खरी गंमत. जेधे शकावली (जेधे घराण्याकडची घटनांची जुनी सालवार नोंद) उघडली तर तिथे शनिवारही नाही! शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, तीन घटका रात्र उरली तेव्हा राजे सिंहासनी बसले, अशी नोंद आहे. आपण तिथीने सोहळा करतो तो त्रयोदशीला. मग शकावलीकार चुकला का? मुळीच नाही. घटका म्हणजे २४ मिनिटं, म्हणजे तीन घटका रात्र उरली तेव्हा सूर्योदयाला जवळजवळ सव्वा तास बाकी होता. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. त्याच्या हिशेबाने शुक्रवारची रात्र अजून सरायची होती आणि आपल्या घड्याळाने शनिवार केव्हाच लागला होता. तिन्ही नोंदी एकाच पहाटेच्या आहेत. हे जुळलं त्या संध्याकाळी मी दुसरं काही कामच केलं नाही.

मग लक्षात आलं की हा घोळ काही फक्त शिवकालाचा नाही. किल्लारीचा भूकंप आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ म्हणून पक्का आहे, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. पण जागतिक प्रमाणवेळेनुसार केलेल्या भूकंपाच्या याद्यांत तो २९ सप्टेंबरला सापडतो, कारण तिथे तेव्हा रात्रीचे साडेदहाच वाजत होते. लातूर-उस्मानाबादकडची माणसं आजही ‘गणपती विसर्जनाच्या रात्री’ असंच सांगतात आणि पंचांगाच्या दृष्टीने तेही अचूक आहे. उजाडेपर्यंत दिवस अनंत चतुर्दशीचाच होता. कोयनेचंही तसंच: आपला ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, हा त्या याद्यांत १० डिसेंबर. इंग्रजी संकेतस्थळावरून तारीख उचलून ‘मराठी पुस्तकात चुकलंय’ असं ठरवणाऱ्यांनी आधी साडेपाच तास मिळवून बघावेत.

यावरून मी एक नियम ठरवलाय, पटतो का बघा. मुख्य तारीख घटना जिथे घडली तिथल्या घड्याळाची, दिवस मध्यरात्रीपासून धरून. १७५२ पूर्वीच्या मराठेशाहीच्या नोंदी रूढ ज्युलियन तारखेलाच ठेवायच्या, पण बाजूच्या रकान्यात ग्रेगोरियन तारीख लिहायचीच. ६ जून उचलून १६ जूनला नेण्याचा शुद्धपणा मला नको आहे. सोसायटीच्या फळ्यावर तसं लिहिलं तर लोक फळाच पुसतील.

इंग्रजांची कागदपत्रं वापरणाऱ्यांना एक सूचना. ब्रिटिशांनी नवी, म्हणजे ग्रेगोरियन, गणना १७५२ मध्ये घेतली, २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ सप्टेंबर. त्याआधी त्यांचं साल २५ मार्चला बदलायचं. म्हणून सुरतेची पहिली लूट, जी आपण जानेवारी १६६४ म्हणतो, ती तिथल्या इंग्रज वखारीच्या (व्यापारी कोठीच्या) हिशेबाने १६६३ सालातच पडते. पोर्तुगालने मात्र १५८२ मध्येच नवी गणना स्वीकारली होती. तेव्हा शिवकालातलं गोव्याचं पत्र आणि सुरतेचं पत्र एकाच दिवशी लिहिलेलं असलं तरी तारखांत दहा दिवसांचं अंतर पडतं.

पानिपत, १४ जानेवारी १७६१: तारीख निर्विवाद, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. फक्त ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी’ हे शेपूट मी काढून टाकलं. संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १८६३ साली ती १२ जानेवारीला होती, विवेकानंदांचा जन्म त्याच दिवशीचा. त्याच्याही शंभर वर्षं आधी ती १४ ला कशी येईल? लढाईपूर्वीच ती होऊन गेली होती.

एप्रिल-मे अजून विस्कळीत आहे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपट दोनदा ठेवलाय: २१ एप्रिल १९१३ ला निमंत्रितांसाठी ऑलिंपिया थिएटरमध्ये झालेला खेळ, आणि ३ मे ला कोरोनेशनमध्ये तिकीट लावून. दोन्ही नोंदी राहतील, पण ‘पहिला खेळ’ हे शब्द दोन्हीकडून काढले आणि खेळ कुणासाठी होता ते लिहिलं. त्या आधीच्या वर्षातला १८ मे चा दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ हा चित्रपटही आत घेतलाय, पहिला चित्रपट कुठला यावरून वाद घालायचा असेल त्यांनी खुशाल घालावा.

पुढचा टप्पा जानेवारी ते मार्च. तिथे १९ फेब्रुवारी १६३० आहेच, ग्रेगोरियन रकान्यात १ मार्च. पहाटेच्या आणखी नोंदी कुणाकडे असतील तर तिथी, वार आणि घटका तिन्ही पाठवा. नुसत्या तारखेवरून हे काम होत नाही.